नदी, खाडी आणि समुद्र: एकच बोट घ्यायची तर कोणती?

प्रश्न थोडक्यात असा: गाव चिपळूणच्या खालच्या अंगाला, वाशिष्ठीच्या काठी. नोकरी पुण्यात, सुट्टीत गावी आलं की गळ टाकायचा नाद. नदीत मरळ आणि कटला, खाडीत जिताडा आणि तांबोशी, थंडीत दाभोळच्या, म्हणजे वाशिष्ठीच्या मुखाच्या, बाहेर सुरमई, आणि वर्षातून दोन-तीनदा एखादं धरण. मनात दोन बोटी आहेत, एक १४ फुटी सपाट तळाची अॅल्युमिनियमची आणि दुसरी २२ फुटी फायबरची. गोड्या आणि खाऱ्या अशा दोन्ही पाण्यांत चालेल अशी यातली कोणती?

दोन्ही नकोत. १७ ते १८ फुटी फायबरची बोट घ्या. नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, चांगली धारदार, मागे येताना चपटी होत गेलेली, दोन मीटरच्या आसपास रुंद, वर ४० एचपीचं फोर स्ट्रोक आऊटबोर्ड (मागच्या फळीला बाहेरून लावायचं इंजिन). आता कारणं सांगतो, कारण ती कळली नाहीत तर विकणारा तुम्हाला काहीही गळ्यात मारेल.

पाण्याच्या चवीचा प्रश्न आधी निकालात काढू. गोड्या पाण्यात बोट जास्त बसते हे खरं, पण किती? समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. माणसं, पेट्रोल, इंजिन धरून तुमची बोट ८०० किलो भरली, तर गोड्या पाण्यात ती समुद्रापेक्षा सुमारे २० लिटर जास्त पाणी बाजूला सारते. १७ फुटी बोटीच्या पसाऱ्यावर हे २० लिटर म्हणजे तीन मिलिमीटरचा फरक. बर्फाची पेटी या बाजूची त्या बाजूला सरकवली तरी याहून जास्त फरक पडतो. तेव्हा ‘गोड्या पाण्याची बोट’ आणि ‘खाऱ्या पाण्याची बोट’ असे दोन वर्ग मनातून काढून टाका. बोटीला फरक पडतो तो लाटेचा, खोलीचा, गंजाचा आणि ती पाण्यात कुठून उतरवणार याचा.

शिवाय आपल्याकडे नदी कुठे संपते आणि समुद्र कुठे सुरू होतो हे ठरवणार कोण? वाशिष्ठीत भरतीचं पाणी पार चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंत चढतं. पावसाळ्यात अख्खी खाडी गोडी होते, मे महिन्यात खारं पाणी वर सरकतं. त्यात कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर सोडलेलं पाणी पोफळीच्या बाजूने वाशिष्ठीतच येतं, त्यामुळे ऐन उन्हाळ्यातही चिपळूणला नदी वाहती दिसते. जिताडा या सगळ्याचा फायदा उठवतो. अंडी खाऱ्यात घालतो, पिल्लं गोड्याकडे चढून मोठी होतात. तुमचे बरेचसे दिवस नदीत नाही आणि समुद्रातही नाही, या मधल्या पाण्यात जाणार आहेत. म्हणून एक बोट पुरते. पण ती निवडायची कशावरून, तर ज्या दहा मिनिटांत ती तुम्हाला बुडवू शकते त्या दहा मिनिटांवरून. ती दहा मिनिटं खाडीच्या तोंडावरची.

कोकणातल्या बहुतेक खाड्यांच्या तोंडाशी वाळू साचते. अंजर्ले, भाट्ये, आचरा, कुठेही जा, तांडेलांची (बोट चालवणाऱ्या मच्छीमारांची) तक्रार तीच. पावसाळा झाला की वाट बदललेली असते, मागच्या वर्षीची जीपीएसची खूण यंदा वाळूवर नेऊन घालते. लाटेच्या उंचीच्या साधारण सव्वापट खोली उरली की लाट फुटते. म्हणजे बाहेर सव्वा मीटरची सुस्त लाट असेल तर दीड-पावणेदोन मीटर पाण्यावर ती उभी राहून कोसळणार. आणि समोरून ओहोटीचा प्रवाह येत असेल तर तीच लाट आखूड होते, आणखी उभी होते.

आता हे तिथीशी जोडून बघा. जुना हिशेब तुम्हाला घरच्यांनी सांगितला असेलच: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा तिथी, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे उधाणाच्या दिवसांत सकाळी अकराच्या सुमारास भरती पूर्ण, आणि दुपारी बारा ते पाच जोराची ओहोटी. नेमक्या त्याच वेळी खारा वारा चढतो. वारा पश्चिम-वायव्येकडून आत, पाणी आतून बाहेर, दोघांची टक्कर तोंडावर. सुरमईच्या नादात दुपारी तीनला परत फिरणारा माणूस वर्षातल्या सगळ्यात वाईट पाण्यात शिरतो, आणि तेही तिथी बघून सहज टाळता आलं असतं.

अष्टमीला उलटं. आठाची पाऊणपट सहा. पहाटे सहाला भरती, मतलई वाऱ्याबरोबर (जमिनीकडून समुद्राकडे वाहणाऱ्या) आणि सुकतीबरोबर, म्हणजे ओहोटीबरोबर, बाहेर पडायचं, दुपारी बाराला पाणी पूर्ण ओसरलेलं, आणि दोन-तीनला परत येताना भरती आणि वारा दोन्ही आतल्या दिशेला. वर भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे दिवस म्हणून प्रवाहही मवाळ. मासे उधाणाला जास्त लागतात असं म्हणणारे बरेच आहेत, त्यांच्याशी मी वाद घालत नाही. उधाणाला जायचं तर अकराच्या आत तोंडाच्या आत या, एवढंच. अर्थात हा हिशेब अंदाजाचा आहे, निघताना त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघायचंच. लाटेच्या आणि वाऱ्याच्या अंदाजासाठी हैदराबादच्या इन्कॉइसचं (समुद्राची माहिती देणारी केंद्र सरकारची संस्था) समुद्रस्थितीचं पत्रक रोज निघतं, तेही बघायची सवय लावा.

याचा बोटीशी संबंध काय? आत येताना लाट मागून येते. तिच्या पाठीवर बसून, तिला न ओलांडता आणि मागच्या लाटेच्या हाती न सापडता आत यायचं असतं. मागची लाट पोचली तर बोटीचं मागचं टोक उचलतं, नाळ पाण्यात रुतते आणि बोट आडवी फिरते. उथळ पाण्यातल्या लाटेचा वेग खोलीवर ठरतो: दोन मीटर पाण्यावर ताशी साधारण १६ किलोमीटर, तीन मीटरवर १९-२०. म्हणजे भरल्या बोटीला किमान २० चा वेग हवा, आणि वर थोडी ताकद शिल्लक हवी. आपल्याकडे लहान फायबरच्या होड्यांवर ९.९ एचपीचं मशीन सर्रास दिसतं. जाळी टाकायला ते उत्तम आणि पेट्रोलही कमी पितं. पण १७ फुटी भरली बोट त्याच्यावर ताशी १०-१२ किलोमीटरच्या पुढे फारशी सरकत नाही. ते तांडेल त्याच पाण्यात जन्मले, कोणत्या लाटेला थांबायचं हे त्यांना डोळे मिटून कळतं. तुम्हाला, सुट्टीत येणाऱ्याला, ती उणीव इंजिनाच्या ताकदीने भरून काढता येते. २५ एचपी चालेल, दोघंच जाणार असाल तर. ४० घेतलंत तर तीन माणसं आणि परतीचा बर्फ आणि मासे धरूनही बोट आरामात ३० च्या पुढे पळते.

तळाचं बघू. १४ फुटी सपाट बोट धरणात आणि नदीत राणी असते. उभं राहून गळ फेका, हलत नाही, वीतभर पाण्यातून निघून जाते. पण खाडी रुंद झाली, वारा आला, की तळ पाट्यावर वरवंटा आपटल्यासारखा आपटतो आणि कंबरेचा निकाल लागतो. त्याहून वाईट म्हणजे तिचे काठ बुटके. तोंडावरची एक लाट आत आली की दुसरी येईपर्यंत ती उपसून होत नाही. २२ फुटी खोल व्ही तळाची (इंग्रजी व्हीसारखा खाली टोकदार तळ असलेली) बोट समुद्रात फार छान चालते, नाही कोण म्हणतो. पण ट्रेलर, इंजिन धरून ती दीड टनाच्या वर जाते, उतरवायला चार माणसं लागतात, आणि मार्चमध्ये नदीच्या वरच्या अंगाला गाळाच्या बेटांमधून ती जाणार नाही. जुलै २०२१ च्या पुरानंतर वाशिष्ठीतला बराच गाळ उपसला, त्यामुळे पात्राचा तळही पूर्वीसारखा उरला नाही. तुमच्या आठवणीतला डोह आता तिथेच असेल असं समजू नका.

मधला मार्ग म्हणजे मागच्या टोकाला तळाचा आडव्या रेषेशी कोन १२ ते १५ अंश. नाळेकडे तो जास्त हवा, लाट कापायला. हा कोन विकणाऱ्याला विचारा. सांगता आलं नाही तर बोट उचलून मागून बघा आणि कोनमापक लावा, लाजू नका. व्ही तळाची बोट उभी असताना डुलते ही तक्रार खरी आहे, त्यावर उपाय रुंदीचा. दोन मीटर रुंद असली की दोन माणसं एकाच बाजूला आली तरी घाबरावं लागत नाही. पाण्यावरची काठाची उंची भरल्या बोटीला किमान दोन फूट. पुढे उभं राहून गळ टाकायला उंच डेक करून देऊ का, असं बनवणारा विचारेल. करा, पण त्या डेकमुळे तुमच्या पायाशी काठ किती उरतो ते आधी बघा. कठडा नडगीपर्यंतच येत असेल तर समुद्रात तिथे कोणी उभं राहायचं नाही.

आणखी दोन गोष्टींवर तडजोड नको. एक, डेकवर आलेलं पाणी आपोआप मागे निघून गेलं पाहिजे आणि खाली तळाशी साचलेलं पाणी उपसणारा बिल्ज पंप हवा. दोन, तळाच्या पोकळीत फोम भरलेला हवा, इतका की बोट पाण्याने भरली तरी काठ वर राहील. स्थानिक होड्यांत बहुधा हे नसतं. म्हणून कमी किमतीत मिळणारी जाळ्याची फायबर होडी घेऊन तिला गळाची बोट करण्याचा बेत असेल तर हा खर्च आधीच धरून ठेवा. (उलांडीची, म्हणजे बाजूला आधाराचं लाकूड बांधलेली होडी हा वेगळा विषय. खाडीत तिच्याइतकी गुणी होडी मी पाहिली नाही, पण तिच्यावर ४० एचपी कोणी लावू नये.)

फायबर की अॅल्युमिनियम? अॅल्युमिनियम हलकं आणि खडकावर घासलं तरी पोचा पडून भागतं, पण खाऱ्या पाण्यात त्याला तांब्या-पितळेचा शेजार चालत नाही. एखादा पितळी नळ, एखादा चुकीचा स्क्रू, आणि त्याच्याभोवती पांढरी भुकटी जमायला लागते. सागरी दर्जाचा ५०८३ किंवा ५०८६ मिश्रधातू असेल आणि सांधणारा जाणकार असेल तर हरकत नाही. पण हर्णै, दाभोळ, रत्नागिरी, मालवण, कुठेही फायबर दुरुस्त करणारा माणूस संध्याकाळपर्यंत सापडतो, अॅल्युमिनियम नीट वेल्ड करणारा सापडत नाही. माझ्या दृष्टीने हा मुद्दा इथेच संपतो. फायबरला एकच सांगणं: गोड्या, कोमट पाण्यात महिनोन् महिने बांधून ठेवली तर जेलकोटखाली (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराखाली) फोड येतात, आणि ते खाऱ्यापेक्षा गोड्यात लवकर येतात. घर नदीकाठी आहे म्हणून बोट कायम पाण्यात ठेवू नका. ट्रेलरवर, नाळ वर करून, खालची बुचं काढून ठेवा. पूर आला तर ओढून चढावर नेता येईल हा फायदा वेगळा.

लाकडी घेऊ नका. लाकडाला खाऱ्या पाण्यात भोकं पाडणारा किडा लागतो आणि वरून पावसाचं गोडं पाणी साठलं की ते कुजतं. सुट्टीत येणाऱ्याच्या हातून तिची राखण होत नाही.

आता गंज. दोन पाण्यांत फिरणाऱ्या बोटीचा खरा खर्च इथे आहे, आणि सगळ्यात कमी विचार याचाच होतो. इंजिनाला अॅनोड असतो, म्हणजे स्वतः झिजून इंजिन वाचवणारा धातूचा तुकडा. जस्ताचा अॅनोड समुद्रात छान काम करतो, पण गोड्या पाण्यात राहिला की त्याच्यावर कठीण थर चढतो आणि पुन्हा समुद्रात गेल्यावरही तो काम करेनासा होतो. वरून अगदी शाबूत दिसतो, तीच फसगत. मॅग्नेशियमचा अॅनोड गोड्यासाठी, पण खाऱ्यात तो भराभर संपतो. तुमच्यासारख्याने अॅल्युमिनियमचा अॅनोड लावायचा. तो गोडं, मचूळ, खारं सगळीकडे चालतो. दुकानदार ‘झिंक’ म्हणून काहीही देतो, तेव्हा कशाचा आहे ते विचारून घ्या. निम्मा झिजला की बदला, आणि त्याच्यावर रंग मारू देऊ नका. रंगवलेला अॅनोड नसल्यासारखाच.

समुद्रावरून आलात की दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवायचं. तुमचं घर नदीच्या वरच्या अंगाला असल्यामुळे परतीच्या शेवटच्या पल्ल्यात हे काही प्रमाणात आपोआप होतं, पण फक्त पावसाळ्यानंतरचे काही महिने. मे महिन्यात त्यावर विसंबू नका, पाइप लावाच. उलट गाळाच्या पाण्यात इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारं चक्र) झिजतो. इंजिनाच्या मागून पाण्याची बारीक धार पडते तिच्याकडे नजर ठेवा. ती मंदावली की इंजिन बंद. इंपेलर दरवर्षी बदलला तरी तो इंजिनापेक्षा स्वस्तच.

पेट्रोलबद्दल हल्ली वेगळं सांगावं लागतं. पंपावर मिळतं ते आता २० टक्के इथेनॉलचं. बऱ्याच आऊटबोर्डच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतच मुभा असते, तेव्हा घेण्याआधी ते विचारा. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, आणि आपल्या हवेत ओलावा कमी आहे असं कोणी म्हणणार नाही. टाकी अर्धवट भरून दोन महिने पुण्याला निघून गेलात तर परत आल्यावर खाली पाणी वेगळं बसलेलं सापडेल. पाणी वेगळं करणारा फिल्टर टाकी आणि इंजिनाच्या मध्ये लावा, आणि जाताना टाकी रिकामी करून ते पेट्रोल गाडीत घाला. समुद्रात नेताना एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव. ४० एचपी पूर्ण वेगात तासाला १३ ते १५ लिटर पितं, त्यावरून टाकी ठरवा.

प्रोपेलर अॅल्युमिनियमचाच ठेवा. स्टीलचा वेग देतो, पण नदीतल्या कातळावर बसला तर धक्का सरळ गिअरला जातो. अॅल्युमिनियमचं पातं वाकतं आणि गिअर वाचतो. एक जादा प्रोपेलर आणि तो बदलायचा पाना बोटीतच. वायरिंग कथिल चढवलेल्या तांब्याच्या तारेचं करून घ्या. साधी तार दोन पावसाळ्यांत आतून हिरवी होते.

नदीत असलेली पण समुद्रात नसलेली एक गोष्ट म्हणजे मगर. वाशिष्ठीत आणि खेडच्या जगबुडीत त्या आहेत, तुम्हाला ठाऊकच आहे. संध्याकाळी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बोट ट्रेलरवर चढवायची नाही, मासे साफ करून आतडी बोटीच्या कडेला टाकायची नाहीत. ट्रेलरला हाताने फिरवायची विंच लावली की पाण्यात उतरावंच लागत नाही.

धरणाबद्दल खरं सांगायचं तर तेवढ्यासाठी बोटीचा विचार करू नका. कोकणातल्या धरणांवर बोट उतरवायला नीट उतार क्वचितच असतो. मासेमारीचा हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थेकडे दिलेला असतो, तेव्हा आधी त्यांना विचारायचं. पिण्याच्या पाण्याच्या तलावात पेट्रोलचं इंजिन चालेल असं गृहीत धरू नका. परवानगी मिळाली तर नाळेला ५५ पौंड रेट्याची इलेक्ट्रिक मोटर लावा, या वजनाच्या बोटीला ती पुरते, मात्र खाऱ्या पाण्यासाठी बनवलेलीच घ्या. आणि एका जलाशयातून दुसरीकडे नेताना बिल्जचं पाणी काढून बोट उन्हात वाळवा. जलपर्णी पसरायला तिचा एक तुकडा पुरतो. ट्रेलर लांबचा प्रवास करून आला की लगेच पाण्यात ढकलू नका. चाकाचा तापलेला हब थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते, खारं पाणी ओढलं जातं आणि बेअरिंग जातं. चहा पिऊन या, मग उतरवा.

कागदपत्रांना आळस नको. समुद्रात मासेमारी करायची तर नोंदणी आणि परवाना मत्स्यव्यवसाय विभागाकडून, ट्रेलरची नोंद आरटीओत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारी बंद असते, आणि गळच आहे म्हणून या बंदीतून सुटका नाही. १ ऑगस्टला कायदा उघडतो, समुद्र उघडतोच असं नाही. जुनी माणसं नारळी पौर्णिमेपर्यंत थांबत, आणि लहान बोटीवाल्याने अजूनही थांबावं. अंजनवेलच्या बाजूला एलएनजीची (द्रवरूप नैसर्गिक वायूची) जहाजं येतात, त्यांच्या वाटेत नांगर टाकायचा नाही. प्रत्येकाच्या अंगात लाइफ जॅकेट, हातात धरायचा व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर, आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर फोनमध्ये.

जुनी बोट बघत असाल तर इंजिन लागतं ती मागची फळी हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज हवा. मध्येच बद्द आवाज आला तर आतलं लाकूड कुजलं आहे. मग इंजिन वर उचलून त्याच्यावर भार द्या आणि फळीच्या कोपऱ्यात चीर उघडते का बघा. गिअर ऑइलचा स्क्रू थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. मालक म्हणेल, समुद्रात फक्त दोनदा गेली. अॅनोड बघा, तो खरं बोलतो. आणि चाचणी घ्यायची ती सकाळच्या शांत पाण्यात नाही. दुपारी वारा चढल्यावर, तीन माणसं आणि भरली टाकी घेऊन, दाभोळच्या फेरीबोटीच्या वाटेपर्यंत जाऊन या. मालक त्या वेळेला नको म्हणाला तर दुसरी बोट बघा.